पांढरीवरची शर्यत

नागनाथ खंदारे मोजणी खात्यात नोकरीला होता. साखळी, झेंड्या आणि नकाशांची गुंडाळी घेऊन परभणी जिल्ह्यातली निम्मी गावं त्यानं पायी पालथी घातलेली. बांधावरून भाऊ भावाच्या उरावर बसलेला असला, तरी नागनाथनं साखळी ओढून खुंटी ठोकली की दोघंही मुकाट घरी जायचे. त्याच्या मापात वीतभराचा फरक कुणाला कधी सापडला नव्हता. ताडकळसच्या बौद्धवाड्यातून सरकारी नोकरीत गेलेला तो पहिलाच माणूस. आपल्याला चूक करायची मुभा नाही, हे त्यानं पहिल्या दिवसापासून मनाशी धरून ठेवलेलं. गावात त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे ‘मोजणीदार’ म्हणायचे, आणि ते त्याला आवडायचं.

पंच्याहत्तर सालच्या जानेवारीत पाथरीचे गोविंदराव वकील त्याच्याकडं आले. वकिलांकडं जुनी लष्करी जीप होती आणि तिच्यावर त्यांचा पोटच्या लेकरासारखा जीव. पुण्याकडं कुठंतरी त्यांनी मोकळ्या रानात गाड्यांची शर्यत बघितली होती. एका वेळी एकच गाडी सोडायची, आखलेल्या वाटेनं वळणं घेत तिनं फेरी पुरी करायची, आणि घड्याळ लावून वेळ मोजायचा.

“खंदारे, आपण तशी शर्यत इथं भरवू,” वकील म्हणाले. “पण एकट्यादुकट्याची नको. गावागावांचे संघ करू. पाथरी, सोनपेठ, ताडकळस. मैदान तुमी आखायचं. तुमच्या मापाला कुणी नावं ठेवणार न्हाई.”

नागनाथनं आयुष्यात सायकलशिवाय काही चालवलं नव्हतं. तरी तो हो म्हणाला, आणि बघता बघता मैदान आखण्यापासून नियम लिहिण्यापर्यंत सगळा जिम्मा त्याच्याच गळ्यात पडला. प्रत्येक संघात एक जीप आणि दोन फटफट्या. तिन्ही गाड्यांच्या वेळांची बेरीज करायची, सगळ्यात कमी बेरीज त्या संघाची जीत. वळणावर वाळू भरलेले रॉकेलचे डबे ठेवायचे. डबा पाडला की पाच सेकंद वाढवायचे. ऐन वेळी माणूस बदलायचा नाही. हे सगळं त्यानं ठळक अक्षरात लिहून काढलं आणि तिन्ही गावच्या लोकांच्या सह्या घेतल्या. गावच्या शाळेतल्या हेमाबाईंकडं खेळाचं घड्याळ होतं. त्यांनी वेळ धरायचं कबूल केलं.

राहिली जागा. काळ्या रानात गाड्या फसल्या असत्या. ताडकळसपासून मैलभरावर माधवराव देशमुखांचा एक पडीक तुकडा होता. माती पांढरट, टणक, गवत बेताचंच. फार पूर्वी तिथं गाव वसलेलं होतं, पटकीच्या साथीत ते उठून आता आहे तिथं आलं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. नागनाथनं त्या पांढरीवर टाच मारून बघितली. दगडासारखी लागली. माधवरावांनी बसल्या जागी परवानगी दिली.

आठ दिवस नागनाथ तिथंच होता. साडेसातशे मीटरची वाट, अकरा वळणं, चोवीस डबे. दोन्ही बाजूंनी चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारल्या. एकूण एक वळण तो तीनतीनदा चालून आला. लोकांना बसायला सपाट जागा हवी म्हणून वाटेच्या आतल्या अंगाला एक मोठा चौकोन आखला आणि त्यावर जाजमं टाकली.

फेब्रुवारीतल्या रविवारी सकाळी शर्यत सुरू झाली. शंभर-सव्वाशे माणूस जमला होता. पाथरीच्या तिन्ही गाड्या झाल्या, ताडकळसच्याही झाल्या. कुणाची तक्रार नाही, भांडण नाही. नागनाथ टेबलाशी बसून कागदावर वेळ लिहीत होता आणि त्याला मनातून वाटत होतं, हे तर आपल्याला छान जमायलंय.

मग सोनपेठचा मुंजाजी राजदूत फटफटीवर बसला. चोविशीचा, हाडानं सडपातळ, गाडी अंगाचाच भाग असल्यासारखी चालवणारा. त्याचा थोरला भाऊ सिताराम डब्यांपाशी उभा होता. हेमाबाईंनी रुमाल खाली टाकला, घड्याळ दाबलं, मुंजाजी सुटला. पाच वळणं त्यानं अशी घेतली की पाथरीची माणसंसुद्धा उठून उभी राहिली. सहाव्या वळणावर धुरळ्याचा लोट उठला आणि गाडीचा आवाज एकाएकी बंद पडला.

पडला असेल, असं नागनाथला वाटलं. धुरळा खाली बसायची तो वाट बघत राहिला. धुरळा बसला. तिथं गाडी नव्हती आणि माणूसही नव्हता. दोन फक्कीच्या रेघा, एक उभा डबा, आणि ऊन. बाकी मैदान रिकामं.

सव्वाशे माणसं जागची हलेनात. सिताराम तेवढा चालत निघाला, पळत नव्हता, चालतच. जवळ गेला आणि थांबला. “इथं भोक हाय,” तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, कुणाला रस्ता सांगावा तसा.

नागनाथ टेबलापासून उठला. जवळ गेल्यावर त्यानं बघितलं. जमिनीला बैलगाडीच्या चाकाएवढं तोंड पडलं होतं, आणि त्याच्या खाली मडक्याच्या पोटासारखा अंधार फुगत गेला होता. तळातून पेट्रोलचा वास आला, आणि त्याच्या मागून कुबट, आंबलेला, फार जुना वास. तो वास त्याला ओळखीचा होता.

ते पेव होतं. पूर्वी ज्वारी साठवायला पांढऱ्या मातीत खणत, तसलं. वर मुरूम-माती घालून लिंपलेलं, आणि मग विसरून गेलेलं. नागनाथच्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या पेवात उतरत आली होती. ज्वारी काढायला मालक लोक त्यांनाच आत सोडत. त्याचा थोरला चुलता असाच एकदा घाईनं उतरला आणि वर आलाच नाही. कोंडलेल्या हवेनं तिथंच गेला. पेव कुठल्या मातीत खणतात हे नागनाथइतकं त्या मैदानावर कुणालाच माहीत नव्हतं. आणि तीच माती त्यानं टाच मारून पसंत केली होती.

आतून एकदा कण्हल्याचा आवाज आला. सितारामनं सदरा काढून फेकला आणि तोंडाशी वाकला. नागनाथनं त्याला मागून कंबरेला मिठी मारली. दोघंही मातीत पडले.

“सोडा, मोजणीदार. माझा भाऊ हाय त्यो.”

“तुमी उतरलाव तर दोन मुडदे निघतील. आत हवा न्हाई. आदी हवा खेळू द्या.”

“तवर त्यो मरंल.”

“मरंल बी,” नागनाथ म्हणाला. हे आपणच बोललो यावर त्याचा विश्वास बसेना. “पण उतरायचं न्हाई.”

आतून कण्हणं थांबलं. लोक नागनाथकडं बघू लागले. ती नजर त्याला पुढं जन्मभर आठवायची होती. कुणीतरी शेजारच्या शेतातल्या आखाड्यावरून कंदील पेटवून आणला. पेवात आधी कंदील सोडतात. तो विझला तर हवा वाईट, एवढं जुन्या माणसांना ठाऊक असतं. नागनाथनं झडप घालून तो कंदील हिसकला आणि दूर नेऊन विझवला. “पेट्रोल सांडलंय आत,” तो म्हणाला. घाईत काच फुटून त्याच्या बोटात गेली.

मग तो भराभर सांगत गेला. कडुनिंबाचे डहाळे तोडून आणा. विहिरीवरचा मोटेचा नाडा आणा, दोन आणा. डहाळ्यांचा भारा नाड्याला बांधून त्यानं पेवात सोडला आणि वर-खाली, वर-खाली ओढायला लावला, म्हणजे आतली हवा घुसळून बाहेर पडेल. दोघांनी घोंगडी धरून तोंडावर वारा घातला. सिताराम गुडघ्यांवर बसून भावाला हाका मारत होता. गोविंदराव वकील, जे कोर्टात कुणाला बोलू देत नसत, ते मुकाट्यानं डहाळे ओढत होते. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला माती लागली होती आणि ओठ नुसते हलत होते.

किती वेळ झाला हे नागनाथला कळलं नाही. आतला कुबट वास थोडा पातळ झाल्यासारखा वाटला तेव्हा त्यानं नाडा स्वतःच्या काखेखालून बांधून घेतला. “मी आकडे मोजत जाईन,” त्यानं सांगितलं. “आकडा थांबला की मला ओढा. मग मी काय बी म्हणलो तरी ओढा.”

तो उतरला. दोन पुरुष खोल होतं. एक, दोन, तीन, मोठ्यानं मोजत तो तळाशी टेकला. मुंजाजी कुशीवर पडला होता, पायावर गाडी. नागनाथनं गाडी उचलली. ती कशी उचलली गेली हे त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही. चाळीस, एक्केचाळीस. दुसरा नाडा मुंजाजीच्या काखेत अडकवून गाठ मारली. पन्नास. डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. “ओढा,” तो म्हणाला, आणि मुंजाजी उजेडाकडं वर वर गेला. त्रेसष्टपर्यंत नागनाथला आठवतं. पुढचं आठवतं ते ऊन आणि तोंडावर पाणी.

मुंजाजी जिवंत होता. श्वास इतका बारीक की छातीवर हात ठेवूनच कळावा. त्याला वकिलांच्या जीपमध्ये आडवा घातला. सिताराम त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि जीप परभणीच्या दवाखान्याकडं निघाली. त्या गर्दीत हेमाबाई पुढं आल्या. त्यांच्या मुठीत घड्याळ तसंच होतं, चालूच राहिलेलं. ते त्यांनी आता दाबलं आणि दर गाडीनंतर दाखवत होत्या तसं नागनाथपुढं धरलं. नागनाथनं टेबलावरची पेन्सिल उचलली आणि कागदावर नीट अक्षरात लिहिलं: मुंजाजी, सोनपेठ, तेवीस मिनिटं चाळीस सेकंद. लिहून झाल्यावर दोघांनी एकमेकांकडं बघितलं. नागनाथ कागदाकडं बघत राहिला. हे आपल्याच हातचं अक्षर आहे हे त्याला पटेना.

दोन दिवसांनी मुंजाजी शुद्धीवर आला. पाय गुडघ्याखाली मोडला होता, गळपट्टीचं हाड गेलं होतं, पण वाचला. ही खबर आली तेव्हा नागनाथच्या बायकोनं, रुख्मिणीनं, त्याच्यापुढं ताट ठेवलं. “आता तरी जेवा. वाचलं की लेकरू.”

“पांढर बघून मी जागा धरली,” नागनाथ म्हणाला. “पांढरीत पेवं असत्यात, हे मला कळत न्हाई व्हय? मला?”

ताट तसंच राहिलं.

चौथ्या दिवशी तो लोखंडी पहार घेऊन पुन्हा मैदानावर गेला. सिताराम दवाखान्यातून परतला होता, तोही न बोलावता आला. दोघं हातहात अंतरावर पहार आपटत निघाले. ठक, ठक, ठक. पूर्ण वाट झाली, कुठं काही लागलं नाही. नागनाथला जरा हलकं वाटलं. मग तो लोकांना बसायला आखलेल्या चौकोनात शिरला. फक्कीची रेघ अजून दिसत होती. मधोमध पहार पडली आणि ठक ऐवजी धप्प असा पोकळ आवाज आला. त्यानं एक पाऊल सरकून पुन्हा मारली. धप्प. चारी बाजूंनी मारत तो गोल फिरला. पहिल्यापेक्षा मोठं पेव होतं. पहार रेटून बघितली, वरचा थर जेमतेम हातभर जाडीचा.

सिताराम हळूच मागं सरकला. “इथं पोरं बसली हुती,” तो म्हणाला. “शाळेची. मुंजाजी वळण घेताना समदी उठून उड्या मारायली हुती.”

नागनाथनं पहार बाजूला टाकली. सव्वाशे माणसं त्यानं स्वतःच्या हातानं आखून, जाजमं टाकून तिथं बसवली होती.

तसाच तो माधवरावांकडं गेला. ते ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांनी ऐकून घेतलं. “आमच्या आजाच्या वक्ताची पेवं होती, दोन का तीन. बुजवली असतील म्हणून ऐकून होतो.”

“मग सांगितलं न्हाई तुमी?”

“तुमी इचारलं न्हाई,” माधवराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कावा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचाच नागनाथला सगळ्यात जास्त धक्का बसला. भांडायला काही उरलंच नाही. माधवरावांनी दुसऱ्या दिवशी बैलगाड्या लावून दोन्ही पेवं भरून घेतली. मोठ्यात सतरा गाड्या मुरूम गेला. दर गाडीला नागनाथ काठावर उभा होता.

पुढं तीन वर्षं शर्यतीचं नाव कुणी काढलं नाही. नागनाथ कामावर जायचा, पण शेताला साखळी लावायच्या आधी पहार मागायचा. खात्यातले लोक हसायचे. तो हसू द्यायचा. मग एक दिवस मुंजाजी लंगडत त्याच्या दारात आला, सोबत सिताराम.

“मोजणीदार, संघ पुन्हा भरवायचेत. पाथरीच्या बाजूला मुरमाड माळ हाय. तुमीच आखा.”

नागनाथ त्याच्या पायाकडं बघत राहिला. “तूच म्हणायलास हे?”

“दुसरं कोण म्हणंल?” मुंजाजी म्हणाला. “दुसऱ्यानं आखलं तर मी भावाला बसू देणार न्हाई गाडीवर.”

रुख्मिणीनं आतून चहा आणला, तो निवला.

तीन आठवडे नागनाथनं तो माळ पहारीनं ठोकून काढला, वाट आणि बसायची जागा दोन्ही. आसपासच्या वाड्यांवर जाऊन म्हाताऱ्यांना विचारलं, इथं कधी वस्ती होती का, विहीर होती का, कुणी काही पुरलंय का. एकेकाला दोनदा विचारलं. मगच फक्की टाकली.

शर्यत झाली. नऊ गाड्या सुटल्या, नऊ गाड्या परत आल्या. सोनपेठकडून सिताराम गाडीवर होता. बेरीज झाली, लोक टाळ्या वाजवायला लागले, फेटे उडाले. नागनाथनं शेजारी उभ्या मुंजाजीला विचारलं, “कोण जिंकलं?”

“तुमीच तर वेळा लिहिल्या,” मुंजाजी म्हणाला. “ताडकळस. तुमचंच गाव. तुमी बघितलं न्हाई व्हय?”

नागनाथनं मान हलवली. त्यानं एकही गाडी बघितली नव्हती. दिवसभर त्याची नजर चाकांखालच्या जमिनीवर होती.