काशीरामकाकांचं गाऱ्हाणं

माझा आवाज मोठा आणि डोकं लवकर तापणारं. समाजसेवेच्या कोर्सला यावर काही उपाय शिकवत नाहीत. त्यात पदरी काशीरामकाका आले, म्हणजे झालंच कल्याण!

भांडुपला आमच्या संस्थेत दुपारी म्हाताऱ्यांचा कट्टा भरतो. आमचे विश्वस्त चंद्रप्रकाशजी ती खोली कोचिंग क्लासला द्यायला निघाले होते. "कट्ट्याचा काय उपयोग होतो, ते लोकांनाच सांगू दे. शनिवारी येतो," असं बजावून गेले.

काशीरामकाका मूळचे कुडाळचे, जुने गिरणी कामगार. कॅरम खेळताना अख्खी खोली डोक्यावर घेतात. म्हटलं, शनिवारी बोलायला यांनाच धरू.

"काका, तुमची गोष्ट सांगा ना."

"माजी कसली गोष्ट? राजा नाय, राणी नाय."

"अहो, मनातलं बोला!"

"मनातला मनात बरा. येशीर टांगूचा कित्याक?"

आठवडाभर हेच. शेवटी माझं टाळकं सरकलं. "गोष्ट नको तर नको, निदान तुमचं गाऱ्हाणं तरी मांडा हो!"

काकांचा चेहरा उजळला. "गाऱ्हाणा घालूचा? मगे आधी नाय सांगायचा, बाय? नारळ हाडतंय!"

मला म्हणायची होती तक्रार. काकांनी धरलं कोकणातलं देवापुढचं गाऱ्हाणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. शनिवारी चंद्रप्रकाशजींसमोर काका टोपी घालून, हातात नारळ धरून उभे राहिले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण आता कोण थांबवणार?

"बा देवा रवळनाथा!"

"व्हय म्हाराजा!" कट्टा गरजला. निम्मा कट्टा कोकणातलाच.

"माजी बायल गेली..."

"व्हय म्हाराजा!"

"झील दुबयत. दिसभर घरात बोलूक माणूस नाय. टीवीवर बातम्ये सांगणाऱ्या चेडवाक मी जाब देय होतंय!"

"व्हय म्हाराजा!"

चंद्रप्रकाशजींना एव्हाना ठेका सापडला होता. मान डोलावत सगळ्यांत मोठ्याने तेच ओरडत होते. मला हसू आवरेना आणि रडूही. बायको गेलेली, मुलगा दुबईला, टीव्हीवरच्या मुलीला उत्तरं देणं; तीन वर्षं रोज भेटतो आम्ही, यातलं अक्षर मला माहीत नव्हतं.

"हय इलंय, माका माणसा गावली. ह्या खोलीक कधी कुलूप लागता नये, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चंद्रप्रकाशजी ओरडले आणि चपापले. तोवर नारळ फुटला होता. काकांनी खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यांच्याच हातावर ठेवला. बिचारे काय करतात? खाल्ला. कोचिंग क्लासचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पण काकांचं संपलं नव्हतं. माझ्याकडे हात करून म्हणाले, "आणि ही आमची मृणालिनी. लय वराडता. तिचो आवाज असोच ऱ्हवांदे रे म्हाराजा, माका कमी ऐकूक येता."

सगळ्यांत मोठ्याने 'व्हय म्हाराजा' मीच म्हटलं.