राखणदाराचा पहिला घोट

आमच्या बागेतल्या जांभळाच्या वाईनचा इतिहास मी लिहिला आहे. गेटातून आत आलं की उजव्या हाताला पांढरा बोर्ड दिसतो, त्यावरचं एकूण एक वाक्य माझं. खाली नाव मालकांचं. ‘आमच्या बागेतल्या’ असं म्हणते खरी, पण बाग मालकांची. आम्ही चार पिढ्या तिथे राबलो, म्हणून ते तोंडात बसलंय.

बोर्डावर लिहिलंय ते खोटं नाही. मालकांच्या पणजोबांनी वालावलच्या अलीकडच्या या कातळावर माती चढवून जांभूळ, करवंद आणि काजू वाढवले. एका वैद्याकडून आसव करायची विद्या घेतली. मातीच्या रांजणात जांभळं, गूळ आणि धायटीची सुकी फुलं घालायची, रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा, तोंड फडक्याने आणि मातीने लिंपायचं आणि आतली खदखद थांबेपर्यंत वाट बघायची. पोटाच्या दुखण्यावर हे जांभळासव कुडाळ-मालवणपर्यंत जायचं. पुढे मालकांच्या वडिलांनी परवाना काढला आणि औषधाची वाईन झाली. आता करवंदाची, काजूबोंडांची, कोकमाची वाईन स्टीलच्या टाक्यांत होते. सात जुने रांजण फक्त जांभळासाठी ठेवलेत, आणि सगळ्यात महाग जाते ती तीच.

रांजणांचे खड्डे कोणी खणले ते बोर्डावर नाही. माझ्या पणज्याने खणले. पहिल्या खर्ड्यात मी तशी एक ओळ घातली होती. मालकांनी वाचलं, पेनाने आडवी रेघ मारली आणि म्हणाले, “फार छान लिहिलंस हां. एवढं एक काढू, लांबतं.” मी ती ओळ काढली. नोकरीला लागून तेव्हा चौथा महिना होता.

मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिली. रोज एसटीने कुडाळला जाऊन शिकले, आणि परत त्याच बागेत आले. फरक इतकाच, की आई फळं वेचायला जायची आणि मी पांढरा कोट घालून लॅबमध्ये. लॅब म्हणजे जुन्या गोठ्याला लाद्या बसवलेली खोली. पण दारावर पाटी आहे आणि आत मी आहे.

बाबा रांजणांचे माणूस. रांजण कधी लिंपायचा, कधी उघडायचा, कुठला बिघडला, हे ते नाकाने सांगत. तोंडाला लावायचं नाही, हा बागेचा नियम. वर्षाची पहिली वाईन बागेच्या राखणदाराची, म्हणजे ज्या देवाच्या भरवशावर बाग उभी आहे त्याची. त्याच्या दगडापुढे गाऱ्हाणं घालायचं, त्याचा वाटा ओतायचा आणि मग पहिला घोट गाऱ्हाणं घालणाऱ्याने घ्यायचा. तोवर रांजणाजवळच्या माणसाने थेंब चाखायचा नाही. म्हणून जे काय ते नाकाने. बाबांचं नाक सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. बाजारात मासेवाल्या बायका त्यांना बघून टोपली झाकत.

साथीच्या दुसऱ्या वर्षी बाबांना ताप आला. ताप गेला, आणि नाकही घेऊन गेला. घरात आईची फोडणी करपली तरी त्यांना कळेना. महिनाभर वाट बघितली, दोन महिने बघितली. मग एका सकाळी रांजणाजवळ वाकून ते मला हळूच म्हणाले, “गो, कसो वास येता?”

मी हुंगलं. म्हटलं, “बरो येता. गोडसर.”

“मगे लिंपूया,” बाबा म्हणाले, आणि मालकांकडे बघून मोठ्याने, “लिंपूक तयार झाला ओ!”

तेव्हापासून दोन वर्षं बाबांचं नाक म्हणजे मी. लोकांसमोर विचारता येत नाही, म्हणून आमच्या खुणा ठरल्या. ठरवल्या कोणीच नाहीत, पडत गेल्या. बरं असलं की मी ओढणी सारखी करायची. बिघडलं असलं की उभ्या जागी एक पाय मागे घ्यायचा. बाबा रांजणावर वाकत, डोळे मिटत, लांब श्वास घेत, मग डोळे उघडून आधी माझ्याकडे बघत. मालकांना वाटायचं, बाप लेकीला शिकवतोय.

आई म्हणायची, “सांगान टाकूया मालकांक.” बाबा म्हणायचे, “सांग. आणि उद्यापासून माका नारळ सोलूक बसव.” त्यांना दुसरं काम येत नव्हतं असं नाही. पण रांजणांपासून उठवलं की त्या बागेत ते कोणीच उरणार नव्हते. हे त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. आणि तरी मी जे केलं ते केलं.

मालक मुंबईत शिकून आलेले. बागेत पाहुणे आणायची कल्पना त्यांची. डिसेंबरात मालवणला उतरलेली माणसं गाड्या करून येतात, बाग बघतात, वाईन चाखतात, सोलकढी-भात खातात आणि बाटल्या घेऊन जातात. रांजण उघडायचा दिवस मालकांनी पाहुण्यांसाठी राखून ठेवला. आधी बाबांच्या नाकाची परीक्षा, म्हणजे ग्लास हुंगून आतली वाईन बरी की बिघडलेली ते सांगायचं, मग राखणदाराचं गाऱ्हाणं. पहिल्या वर्षी बाबांनी तीन ग्लास हुंगून तिन्ही बरोबर सांगितले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, एका बाईंनी बाबांबरोबर फोटो काढला. ओढणी सारखी करून करून माझा खांदा दुखला होता.

दुसऱ्या वर्षी चौथा रांजण बिघडला. नेलपॉलिशसारखा वास मारत होता. मी कागदावर लिहून मालकांना दिलं. ते खूश झाले. “अरे वा! मग दुसऱ्या ग्लासात तीच भर. काकांना सांगू नकोस. ते पकडतात की नाही बघू, पाहुण्यांना मजा येईल.”

त्या दिवशी सकाळी बागेत जाताना मी बाबांना म्हटलं, “आज परीक्षा नको. मी मालकांना सांगते, मशीनवर दाखवते.”

बाबा थांबले. “मशीनार? आणि मी काय करू, टाळये वाजवू?”

“बाबा, किती दिवस हे करायचं?”

“तुझी नोकरी माझ्या नाकार लागली गो,” बाबा म्हणाले. “मालकान माझ्या तोंडाकडे बघून तुका घेतल्यान. ईसारलंस? कुडाळाक काय ढीगभर बियेश्शी फिरतत.”

मी चालत राहिले. माझे मार्क मालकांनी बघितलेच नव्हते हे मला त्या दिवशी कळलं, आणि तेही वडिलांकडून, रस्त्यात.

पंचवीसेक पाहुणे आले होते. मालकांनी माझी ओळख करून दिली. “ही आमची केमिस्ट. काकांचीच मुलगी. पण खरं सांगू का, हिचं मशीन चुकेल, काकांचं नाक चुकायचं नाही.”

पाहुणे हसले. तिथवर ठीक होतं. पण बाबांना लोक हसले की चढायचं. ते मालकांच्या शेजारी उभे राहून म्हणाले, “चेडू माझा शिकला खरा. पण रांजणाक काय सर्टिफिकेट दाखवतला? रांजण काय वाचता?”

आता सगळेच मोठ्याने हसले. पुढे बसलेल्या एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, “बघ, अनुभव तो अनुभव.”

टेबलावर तीन ग्लास होते, मीच भरलेले. तिन्हींचा रंग एकच. बाबांनी पहिला उचलला, डोळे मिटले, लांब श्वास घेतला, डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मी ओढणी सारखी केली.

“ह्या बरा,” बाबा म्हणाले. “तयार झाला.”

“बरोबर!” मालक म्हणाले. टाळ्या.

बाबांनी दुसरा ग्लास उचलला. वास माझ्यापर्यंत आला होता. पहिल्या रांगेतला एक माणूस नाकाला रुमाल लावत होता. बाबा ग्लासात नाक घालून उभे होते आणि त्यांना काही येत नव्हतं. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

मला फक्त एक पाय मागे घ्यायचा होता.

बाबा बघत राहिले. मी तशीच उभी राहिले, दोन्ही हात कोटाच्या खिशात. गोंधळले नव्हते मी, विसरलेही नव्हते. मला बघायचं होतं, माझ्याशिवाय ते नाक काय करतं.

बाबांनी पुन्हा हुंगलं. कपाळावर घाम आला होता. मग त्यांना वाटलं असावं की मी ओढणी सारखी केली आणि ते त्यांच्या नजरेतून सुटलं. ते हसले, ग्लास उंच धरला आणि म्हणाले, “सगळ्यात बरा ह्या. असा पाच वर्सात झाला नाय!”

मग तो रुमालवाला माणूस म्हणाला, “काका, हे मला इथून येतंय हो!” आणि सगळे हसत सुटले. दुष्टपणाने कोणी हसलं नाही. जादूगाराच्या बाहीतून पत्ता पडला की लोक हसतात, तसे हसले. मालकही हसले, पण त्यांचे डोळे बाबांवरून माझ्यावर आले आणि तिथे थांबले. त्यांना सगळं कळलं. ते हुशार आहेत.

बाबांनी ग्लास खाली ठेवला नाही. तो हातात धरूनच ते राखणदाराच्या दगडाकडे चालायला लागले.

“चला, आता आपलं गाऱ्हाणं!” मालक घाईने म्हणाले. “काका एकेक ओळ म्हणतील, आपण सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. जोरात!”

गाऱ्हाण्यात गप्प राहून चालत नाही. पुढचा माणूस देवाला जे सांगेल त्याला मागच्यांनी होकार द्यायचा, तरच ते पोचतं. हे मला बोलायला लागले तेव्हापासून माहीत आहे.

बाबांनी टोपी काढली. आवाज नेहमीचाच होता.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” पाहुणे खुशीत ओरडले.

“ह्या बागेच्या राखणदारा, वर्साचा तुझा आसा ता तुका देतंव म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“रांजणा आमच्या आज्या-पणज्यांनी पुरली. बोर्डार तेंचा नाव नाय. तू काय बोर्ड वाचू नको म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मालक जरा हळू म्हणाले.

“माझा नाक तू घेतलंस. घे. दिलंय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“माझा चेडू शिकला म्हाराजा. तेका तू मोठा कर. खूप मोठा कर. तेच्या पोटाक चेडू येवंदे, ता हेच्यापेक्षा जास्ती शिकांदे. आणि एक दिवस ता चेडू हेच्या समोर उभ्या रवांदे म्हाराजा, आज ह्या जसा माझ्या समोर उभ्या रवला, तसाच!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांबरोबर मीही म्हटलं. माझा आवाज मला वेगळा ऐकू आला.

शेजारच्या बाईंनी माझा दंड धरला. “काय म्हणाले गं ते शेवटचं? तुझ्याबद्दल होतं ना?”

मी सांगितलं, “मुलीला खूप मोठं कर म्हणाले. तिची मुलगी तिच्याहून जास्त शिकू दे म्हणाले.”

“अगं बाई!” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “कित्ती गोड. नशीबवान आहेस.”

बाबांनी पहिल्या रांजणातून भरून ठेवलेल्या तांब्याने दगडावर वाटा ओतला. आता पहिला घोट गाऱ्हाणं घालणाऱ्याचा. त्यांनी वळून तो दुसरा ग्लास माझ्यासमोर धरला.

“घे गो. आता तुझो मान.”

मालक काही म्हणणार होते, पण कोणीतरी मोबाईल वर करून फोटो काढत होतं. मी ग्लास घेतला आणि प्याले. एक घोट नाही, सगळा. घसा जळत गेला.

“कसो आसा?” बाबांनी विचारलं. दोन वर्षं रांजणाजवळ वाकून विचारायचे, तसंच, पण मोठ्याने.

“बरो आसा,” मी म्हटलं.

पाहुणे गेल्यावर मालकांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. ओरडले नाहीत. “काका, उद्यापासून तुम्ही गेटावर बसा. सावली आहे, खुर्ची देतो. गाड्या आल्या की गेट उघडायचं, बास.” मग मला म्हणाले, “रांजण तू बघशील. मला आधी सांगायला हवं होतंस.” कधी आणि काय सांगायला हवं होतं, ते त्यांनी म्हटलं नाही.

“गेटार नाक लागणा नाय,” बाबा म्हणाले. “बरा झाला.”

आता रांजण मी लिंपते, मी उघडते. आजवर एकही चुकलेला नाही, हे मी अभिमानानेच लिहिते. गाऱ्हाणं मालकांनी बंद केलं. पाहुणे आल्यावर त्याची माहिती मी सांगते. रोज सकाळी माझी स्कूटर दिसली की बाबा उठून गेट उघडतात, पाहुण्यांच्या गाडीला उघडतात तसं, दोन्ही कवाडं.

घरी आम्ही बोलतो. भांडण कधी झालंच नाही. फक्त जेवायला बसलो की बाबा ताटातला मासा उचलून चुलीजवळच्या आईला हाक मारतात, “गो, वास बघ तरी एकदा, ताजो आसा मा?” मी त्यांच्या शेजारच्या पाटावर असते. आई हात पुसत उठते, वाकून हुंगते, “खावा, ताजो आसा,” म्हणते, आणि मग ते पहिला घास घेतात.