काकूंचं भांडं

आमच्या दुकानात किस्से गोडाऊनमधल्या उरलेल्या टाइल्ससारखे साठतात. जोड कशाचीच लागत नाही, पण टाकवतही नाहीत. नारायण पेठेत सलीमभाईंचं सॅनिटरीवेअरचं दुकान आहे, त्यांच्या आजोबांपासूनचं. मी तिथे बिलिंगला बसते. मैत्रिणी विचारतात, "कमोडच्या दुकानात कसले गं किस्से?" अगं, तिथेच तर! सोफा घेताना माणूस पाहुण्यांचा विचार करतो, कमोड घेताना फक्त स्वतःचा. सांगताना मी हसायला लागते, पण हल्ली मधेच थांबते. त्याला कारण लेले काका आणि काकू.

*

आमच्या धंद्यात कमोडला 'भांडं' म्हणतात. गिऱ्हाइकाला ते माहीत नसतं आणि खरा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. 'ते', 'आतलं', 'तिकडचं', असं चालतं. बायका तर माझ्या कानाशी येऊन कुजबुजतात.

लेले काका पहिल्यांदा आले तेव्हा सलीमभाईंनी नेहमीसारखं विचारलं, "भांडं बघायचंय ना?"

"भांडी पुष्कळ आहेत घरात," काका म्हणाले. "मला संडास हवाय."

अख्खं दुकान वळून बघायला लागलं. सलीमभाई खूश. म्हणाले, "बसा काका. इतकं स्वच्छ बोलणारं गिऱ्हाईक फार दिवसांनी आलं."

मग काकांनी सगळं सांगितलं. काकू घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता त्या कोथरूडला लेकीकडे होत्या. शनिवार पेठेतल्या यांच्या फ्लॅटमध्ये जुनी, उकिडवं बसायची सोय, आणि डॉक्टरांनी उकिडवं बसायला कायमची बंदी केलेली. लेकीनं उशाशी देवघरातली घंटा ठेवली होती, जायचं असलं की वाजव म्हणून. काकू म्हणाल्या, "घंटा वाजवायला मी काय शाळेतला शिपाई आहे?" आणि काकांना निक्षून सांगितलं, "कोणाला हाक न मारता जाता येईल तेव्हाच घरी येईन. नाहीतर इथेच मरेन."

काकांना बायको घरी हवी होती. बाकी काही नको होतं.

*

काका प्रत्येक भांड्यावर बसून बघायचे आणि उठून म्हणायचे, "मला ठीक आहे, पण ती माझ्या खांद्याला लागते."

"काकूंची उंची किती?" सलीमभाईंनी विचारलं.

"संसार केला हो, मापं कोण घेतो?"

दुसऱ्या दिवशी काका रिक्षातून उतरले ते मांडीवर स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन. म्हणाले, "यावर बसून ती भाजी निवडायची. कुकरची शिट्टी झाली की कशालाही न धरता उठायची. एवढ्याच उंचीचं द्या."

सलीमभाई ते स्टूल एकेका भांड्याशेजारी ठेवून टेप लावत फिरले. बाथरूम नवीन करायला निघालेल्या एका मुलीनं मला विचारलं, "हे स्टूल कितीला?" काकांनी ऐकलं. "विकायचं नाही," म्हणाले, "त्याची मालकीण यायचीय."

*

शेवटी काकू स्वतः आल्या. लेकीची गाडी, हातात वॉकर. आमची भांडी रस्त्याकडच्या काचेला ओळीनं मांडलेली.

"इथे बसू?" काकू म्हणाल्या. "समोर माणसं बसची वाट बघतायत."

सलीमभाईंनी शटर अर्धं खाली ओढलं. भर दुपारी गिऱ्हाईक आलं, तर त्याला म्हणाले, "बंद आहे." मागे सगळे दिवे चालू!

पहिल्या भांड्यावर काकूंचे पाय जमिनीला टेकले नाहीत. "हा पाळणा आहे," म्हणाल्या. दुसऱ्यावर नीट बसल्या, पण उठता येईना. काकांनी हात पुढे केला.

"हात मागे."

काकांनी निमूटपणे दोन्ही हात पाठीमागे बांधले. काकूंनी परत जोर केला, परत बसल्या. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "राहते मी कोथरूडलाच." मला फार वाईट वाटलं. काका तर जमिनीकडेच बघत होते.

सलीमभाईंनी स्टुलाच्या उंचीचं भांडं दाखवलं. काकू बसल्या, थांबल्या, आणि थरथरत का होईना, उठल्या.

"पांढरंच द्या," काकू म्हणाल्या. "त्याला कुठे मिरवायचंय?"

*

काकू घरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुकान उघडत होतो तेव्हाच फोन वाजला. सलीमभाईंच्या हातात कुलूप, म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"सलीमभाई," काकांचा आवाज कापत होता, "ही गेली."

सलीमभाई पायरीवरच बसले. "या अल्ला. कधी?"

"आत्ताच! एकटी! कोणाला हाकसुद्धा न मारता!"

समजायला आम्हाला जरा वेळ लागला. मग सलीमभाई इतके हसले की डोळे पुसायला लागले. म्हणाले, "काका, अहो, क्रियापद तरी बदला."

काकांनी बदललं नाही. उलट त्यांना गंमतच वाटली. अधूनमधून सकाळी फोन यायचा, "सलीमभाई, ही गेली." सलीमभाई विचारायचे, "एकटी?" काका म्हणायचे, "एकटी." सलीमभाई "मुबारक हो" म्हणून फोन ठेवायचे. मागून काकूंचा आवाज यायचा, "अहो, गावभर काय सांगताय!"

*

पावसाळा संपत आला होता. त्या दिवशी फोन दुपारी आला. सलीमभाई नळ मोजत होते, मी स्पीकरवर टाकला.

"सलीमभाई, ही गेली."

सलीमभाईंनी मान वर न करताच हसत विचारलं, "एकटी? हाक न मारता?"

या वेळी मागून काकूंचा आवाज आला नाही.

"हो," काका म्हणाले. "मी शेजारीच बसलो होतो. मलाही हाक नाही मारली."