काकीचा पालथा हात

आमच्या काकीने कुणाला ओरडून हाक मारल्याचं मला आठवत नाही. मुलुंडच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत उभी राहून ती हात पालथा धरायची आणि चारी बोटं खाली ओढायची. भाजीवाला, पोस्टमन, शाळेतून येणारी आम्ही पोरं, सगळे मुकाट वर चढायचे. एका बोटाने खुणावणाऱ्यांचा तिला भारी राग. "एका बोटान कुत्र्याकव बोलावतत काय? माणसाक पुऱ्या हातान बोलवूचा."

काका ज्या कारखान्यात फिटर होते, तिथे यंत्रं बसवायला इटलीतून, मिलानकडचा एक तरुण इंजिनिअर आला आणि आमच्या समोरच्या बंगलीत एकटाच राहू लागला. नाव पाओलो. तो पाव-केळ्यांवर दिवस काढतो हे ऐकल्यापासून काकीला घास गोड लागेना. रविवारी तो रस्त्यावर दिसला की ती गॅलरीतून हात करायची. तो थबकायचा, कसंनुसं हसायचा आणि घाईघाईने निघून जायचा.

"नाव पावलो, आणि आमका पावणा नाय!" ती थट्टेवारी न्यायची, पण मनातून खट्टू झाली होती. आपल्या हातचं त्याला चालत नसावं, असं तिने धरून घेतलं.

एक दिवस काका हसतच घरी आले. पाओलोने मोडक्या इंग्रजीत त्यांना विचारलं होतं, "तुमच्या मिसेसचा मी काय अपराध केला? मला पाहिलं की 'चालता हो' म्हणतात." त्यांच्या देशात बोलावताना तळवा वर असतो, पालथा हात हलवला की तो हाकलण्याचा.

घरात हशा पिकला. काकी मात्र हसली नाही. "परमुलखातल्या पोराक मी दारातसून हाकललंय?" असं म्हणत ती पदर खोचून जिना उतरली, आणि त्याला मनगटाला धरूनच वर घेऊन आली. त्या दिवशी बांगड्याचं तिखलं होतं. नाकाडोळ्यांतून पाणी गाळत पठ्ठ्या पुन्हा पुन्हा भात मागत होता.

जेवून निघाला तेव्हा रस्त्यावरून त्याने वळून हात केला. तळवा स्वतःकडे, बोटं मिटत-उघडत. काकी धावत खाली गेली. त्याने पुन्हा तसाच हात केला, ती आणखी पुढे गेली.

"अगो, तो बोलवणा नाय, जाता हा!" काका वरून ओरडले.

"जाता, तर माका बोलवता कित्याक?" भर रस्त्यात कमरेवर हात ठेवून काकी म्हणाली.

त्यानंतर तो दर रविवारी जेवायला येऊ लागला. खूण कळल्यावरही काकी त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला जायचीच.

काम संपलं. सांताक्रूझच्या विमानतळावर आम्ही सगळे पोचवायला गेलो. विमानाच्या शिडीवरून त्याने तसाच हात केला. आम्ही हसून काकीकडे पाहिलं. ती विमानतळाच्या गच्चीच्या कठड्याला धरून उभी होती.

"हसतास कित्याक? तो 'येतंय' म्हणता. आपण तरी घरातसून निघताना 'जातंय' खंय म्हणतंव?"

परतताना घाटकोपर मागे पडलं, तशी काकीला त्याची आई आठवली. मग काकांना म्हणाली, "त्येच्या आवशीक कोणीतरी कळवूक होया. झील पोटभर जेवान निघालो म्हणान."