मे महिन्यात न चिकटणारी गोळी

प्रयोगशाळेत सॅम्पलला लेबल लावायचं विसरलं की ते हरवतं. किश्शांना कुणी लेबल लावत नाही, तरी एकही हरवत नाही! आमचे बरेचसे आपटे सरांचे. ग्वाल्हेरला मी त्यांच्याकडे पीएच.डी. केली, गॅडोलिनियमच्या मिश्रधातूंवर.

•

धातू वितळवून बटनाएवढी गोळी करायची, उलटवून पुन्हा वितळवायची, असं सहा वेळा. मी कंटाळून तिनावरच थांबले. एक्स-रेचा आलेख पाहून सर म्हणाले, "तीनदाच ना?"

मी मान खाली घातली. ते ओरडले नाहीत. स्टूल ओढून शेजारी बसले आणि उरलेले तिन्ही फेरे मोजत राहिले!

•

जानेवारीत ती गोळी चुंबकाला टक्कन चिकटली. मे महिन्यात दाखवायला गेले, तर घसरून खाली! फेलोशिपचं शेवटचं वर्ष. "सर, सॅम्पल बदललं कुणीतरी!" मी रडायलाच लागले.

"अगं, परेशान नको होऊ." त्यांनी कॅन्टीनमधून ग्लासभर बर्फ मागवला, गोळी त्यात पुरली. पाच मिनिटांनी टक्!

"थंडीत सगळे अणू एकाच दिशेला तोंड करतात, उकाड्यात ज्याचं त्याचं. वीस अंशांच्या वर हिचं चुंबकत्व जातं, हे तूच मोजलंस ना? मग खिडकीबाहेर कोण बघणार?"

माझी पीएच.डी. त्या बर्फाने वाचवली, असं मी आजही सांगते.

•

त्याच आठवड्यात टोपी बाजारात मोठं चुंबक घ्यायला गेलो. दुकानदाराने आमची गोळी लावून पाहिली. "साहब, ये तो चिपक ही नहीं रहा. माल खराब है?"

"मई में नहीं चिपकता," सर म्हणाले, "दिसंबर में दिखाऊँगा!"

आणि डिसेंबरात खरंच दाखवून आले!

•

सर निवृत्त झाले तेव्हा ती गोळी मी त्यांनाच दिली. माधवगंजच्या घरी कपाटाच्या दाराला चुंबक, त्याला गोळी. दर मार्चमध्ये फोन यायचा, "पडली गं! उन्हाळा लागला. काम कुठवर आलं?" पुढे मी स्वतः शिकवायला लागले, तरी हाच प्रश्न. कुणीतरी विचारतंय, याचं केवढं बळ असायचं.

गेल्या पावसाळ्यात सर गेले. यंदा मार्च संपत आला, फोन नाही. शेवटी मीच सरांच्या घरी केला, काकूंनी उचलला.

"काकू, गोळी पडली का?"

"नाही गं. थंडी होती तेव्हाच फ्रीजमध्ये ठेवली, चुंबकासकट. भाज्या बाहेर काढल्यात." मग त्यांनी विचारलं, "काम कुठवर आलं?"