सात रेघांचा शब्द

रोज सकाळी चहाच्या आधी मामा पाण्यात बोट बुडवून टेबलावर एक चिनी अक्षर काढायचे आणि ते वाळेपर्यंत बघत बसायचे. डोळ्यांना दिसेनासं झाल्यावरही त्यांचा नेम मोडला नाही. फक्त अक्षर वाळलं की भाचीला तसं सांगावं लागे.

कायद्याच्या कॉलेजात चिनी कायदा शिकवणारे ते एकटेच. पहिल्या वर्षी वर्गात नऊ जण होते, नंतर तीन, मग विषयच बंद झाला आणि मामांची खुर्ची ग्रंथालयामागच्या खोलीत, मोडक्या पंख्यांच्या शेजारी गेली. शेजारीपाजारी चिनी मिक्सरची माहितीपत्रकं वाचून घ्यायला येत.

"सर, तुमच्या चीनमध्ये कायदा असतो का हो?" खालच्या शिंप्याने एकदा विचारलं.

"असतो की. आणि तुझ्या मिक्सरला वॉरंटीही होती. गेल्या महिन्यात संपली."

त्या खोलीत तीस वर्षं ते चिनी कायद्यातल्या शब्दांचा कोश करत राहिले. शेवटचा तिसरा हिस्सा उरला असताना काचबिंदूने नजर नेली. मग भाची आली. तिला मामांनीच थोडं चिनी शिकवलेलं. प्रत्येक शब्दाखाली घालायचं कायद्यातलं वाक्य ते आठवणीने सांगत. ती उच्चार टाइप करी, कॉम्प्युटरने पुढे केलेल्या अक्षरांतलं एक निवडी आणि वाचून दाखवी. मामा मान डोलावत. अशी तीन वर्षं गेली.

मग कोश छापायला गेला आणि प्रकाशकाचं पत्र आलं. 'छ्वेनली' हा एकच उच्चार दोन शब्दांचा आहे. एकाचा अर्थ हक्क, दुसऱ्याचा सत्ता. शेवटचं अक्षर तेवढं वेगळं, हक्काचं सात रेघांचं, सत्तेचं दोन. भाचीने दर वेळी यादीतलं पहिलंच निवडलं होतं. सहाशे वाक्यांत सरसकट सत्ता बसली होती.

पत्र तिने चार दिवस उशीखाली ठेवलं. पाचव्या दिवशी तिला राहवेना.

तिने ते मामांना वाचून दाखवलं. "म्हणजे मी सहाशे वेळा मान डोलावली."

"चूक माझी आहे, मामा."

"तुझी कशी? पहिल्याच तासाला पोरांना बजावायचो, नुसत्या कानावर विसंबू नका. आण ते कागद."

काही वाक्यांत सत्ताच बरोबर होती. कुठे कुठला शब्द, हे त्यांच्याशिवाय कुणाला सांगता येणार नव्हतं. प्रकाशकाने दोन महिने दिले. ती वाक्य वाची, मामा "सात" म्हणत, क्वचित "दोन". मध्येच खोकल्याची उबळ आली की ती पेन खाली ठेवून वाट पाही. डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं होतं. ते मामांनी हसण्यावारी नेलं.

चारशे अकरा वाक्यं झाली आणि एका पहाटे मामा झोपेतच गेले. उरलेली ठरवणारं कुणी सापडलं नाही. कोश प्रकाशकाच्या कपाटात पडून राहिला.

आदल्या संध्याकाळी एका लांबलचक वाक्यावर ते अडले होते. तिने ते दोनदा वाचलं. मामा उशीला टेकले आणि म्हणाले, "हे उद्या परत वाच गं. आज नीट ऐकू येत नाहीये."