माळवदाखालचा मुक्काम

हिमालयातल्या त्या दरीत चालत जायचं ठरलं, तेव्हा मी सगळ्यात आधी तक्ता आखला. लातुरात क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला तक्त्याशिवाय श्वास घेता येत नाही. चार दिवसांची चाल, वाटेत ना दवाखाना ना फोन. कोणत्या दिवशी किती चढायचं, अंगाला उंचीची सवय व्हावी म्हणून कुठं थांबायचं, दुपारी दोननंतर खिंडीकडं पाऊल टाकायचं नाही, डोकं दुखायला लागलं तर वाद न घालता खाली उतरायचं, सगळं लिहिलं. लातुरात चढ कुठून आणणार? म्हणून पाठपिशवीत प्रश्नसंच भरून आम्ही क्लासचे चार मजले चढउतार करायचो. पोरं हसायची. एकाला तर मी डस्टर फेकून मारलं. मी तापट आहे, लपवण्यात अर्थ नाही.

आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. तो निलंग्याला शाळेत शिकवतो. भूकंपात गावातलं आमचं घर पडलं तेव्हा तो दहा वर्षांचा होता. अंगणाची भिंत त्याच्या पायावर पडली, पण तो वाचला. आई घरात गाडली गेली. मी तेव्हा बारावीच्या शिकवणीसाठी लातुरात खोली करून राहत होतो. दगडमातीच्या भिंती आणि त्यावर मातीचं जाड छत, त्याला आम्ही माळवद म्हणतो. त्याखाली मी पुन्हा कधी झोपलो नाही. म्हणून तक्त्यात मुक्कामाच्या रकान्यात मी ठळक लिहिलं होतं : फक्त तंबू.

एका रविवारी दुपारी भावानं क्लासच्या ऑफिसात बसून तिकडच्या वाटाड्याला फोन लावला. बोलणं झाल्यावर पेन उचललं आणि माझी ओळ खोडली.

"तंबू न्हाई चालायचा. तिथलं वारं तंबू फाडून नेतंय. मागं दोघं गारठून गेली म्हणं. सगळी घरातच झोपतेत."

"घर कसलं?"

"दगडाचं. वर माती. माळवदच हाय, दादा. पण भिंतीत लाकडाचे पट्टे घातलेत, हादरलं तरी धरून ठेवतेत."

मी त्याच्या थोबाडीत मारली. दोन लेकरांच्या बापाच्या. चष्मा उडाला. दुसरी मारायला गेलो तर त्यानं मनगट धरून मला ढकललं आणि माझं कोपर कपाटाच्या काचेतून आरपार गेलं. तक्त्यावर रक्त सांडलं. मी लाथ घातली, ती त्याच्या अधू पायावरच. ठरवून घातली, हे आज लिहिताना लाज वाटते. तो मटकन खाली बसला. पलीकडच्या वर्गात टेस्ट चालू होती.

"किती वर्षं माळवदाला शिव्या देत आलास," तो म्हणाला. "आई माळवदाखाली झोपलीच नव्हती. आम्ही दोघं अंगणात होतो. हादरा बसला तशी ती उठली. मोठा आत हाय म्हणली आन् पळत आत गेली. तुला लातूरला जाऊन दीड महिनाच झाला होता. झोपेत तिच्या ध्यानात न्हाई राहिलं. मी वरडलो, दादा लातूरला हाय म्हणून. तिला ऐकू गेलं का न्हाई, ठाव न्हाई."

इतकी वर्षं गप्प बसला म्हणून त्याचा गळा धरावासा वाटला. धरायला वाकलो आणि त्याच्या गळ्यात पडून रडलो, पलीकडं पोरं ऐकत असताना. त्यानं रुमाल काढून माझं कोपर आवळून बांधलं. सांगून तुझं काय भलं झालं असतं, एवढंच म्हणाला.

मग तक्त्यावरचं रक्त पुसून घेतलं. मुक्कामाच्या रकान्यात मी घर असं लिहिलं. त्यानं माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली नियम लिहिला : झोपण्याआधी कोण कुठं आहे, ते दोघांनी एकमेकांना मोठ्यानं सांगायचं.